करंजाळ्याचा खारा वारा आणि आमच्या मुली

आम्हा रत्नागिरीकरांना गोवा परका नाही. दुपारी मांडवी एक्सप्रेसमध्ये बसले की संध्याकाळी करमळी स्टेशनवर उतरता येते. तिथून पणजी दहा-बारा किलोमीटर. लग्नकार्य, दवाखाना, नातेवाइकांच्या भेटी या निमित्ताने आमच्या लोकांचे जाणे-येणे चालूच असते. तरीही आपली बरीच कुटुंबे गोव्याच्या किनाऱ्यावर जायला बिचकतात. तिथला गोंगाट, तिथले खाणे-पिणे डोळ्यांसमोर येते आणि "मुलाबाळांना घेऊन तिथे कुठे जायचे?" असा प्रश्न पडतो.

पण गोव्याचे सगळे किनारे सारखे नाहीत. पणजीहून मिरामार ओलांडून दोना पावलाकडे जाताना मध्ये करंजाळे लागते. लांबलचक वाळू, मागे सुरूची झाडे, समोर मांडवीच्या मुखापलीकडे अग्वादचा किल्ला. पोर्तुगीजांनी 1612 मध्ये बांधलेला हा किल्ला इथून एका रेषेसारखा दिसतो. डाव्या हाताला राजभवनाचे टेकाड समुद्रात शिरलेले. आठवड्याच्या मधल्या दिवशी इथे फिरायला आलेली कुटुंबे असतात, वाळूत खेळणारी पोरे असतात, आणि वारा असेल तर पाण्यावर रंगीत शिडे दिसतात. गेल्या मे महिन्यात आम्ही तिथे तीन दिवस गेलो होतो. अम्मी, मी, माझी बारा वर्षांची मुलगी, आखातातून रजेवर आलेला माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. भाऊ तिकडे नोकरी करता करता विंडसर्फिंग शिकला आहे. या वेळी लेकीला फळीवर घेऊन एक फेरी मारायची, असे त्याने येतानाच ठरवले होते.

फळीवरचे शीड

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माणसाच्या उंचीहून लांब अशी तरंगणारी फळी असते. तिच्या मध्यावर डोलकाठी आणि शीड. होडीची डोलकाठी पक्की रोवलेली असते. इथे ती एका लवचीक सांध्यावर बसवलेली असते, त्यामुळे शीड कोणत्याही बाजूला झुकते, फिरते, पाण्यात पडतेसुद्धा. सुकाणू नाही. उभ्या माणसाने शिडाला बांधलेला आडवा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि शीड पुढे-मागे झुकवून दिशा बदलायची. वारा जास्त झाला तर दांडा सोडून द्यायचा. शीड पाण्यात पडते आणि फळी थांबते. होडीत ही सोय नाही.

या खेळाचा शोध कोणी लावला यावर बराच वाद झाला. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यात अशी फळी बनवली. 1968 मध्ये कॅलिफोर्नियाच्या हॉयल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक यांनी आपल्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे इंग्लंडच्या न्यायालयात खटला चालला तेव्हा पीटर चिल्व्हर्स नावाच्या माणसाचा दाखला पुढे आला. 1958 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, त्याने इंग्लंडमधल्या हेलिंग बेटावर फळीला डोलकाठी आणि शीड जोडून ती पाण्यावर चालवली होती. न्यायालयाने तो दाखला मानला आणि इंग्लंडमध्ये ते पेटंट टिकले नाही. बारा वर्षांच्या पोराचा खेळ पुढे 1984 च्या ऑलिम्पिकमध्ये पोचला आणि 1992 पासून त्यात महिलांची वेगळी स्पर्धा सुरू झाली.

आपल्याकडेही हा खेळ आता नवा राहिलेला नाही. 2023 च्या सप्टेंबरमध्ये चीनमधल्या हांगझौ आशियाई स्पर्धेत इबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये भारताला कांस्यपदक मिळवून दिले. त्याच दिवशी मध्य प्रदेशातल्या एका शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर हिने शिडाच्या छोट्या होडीत रौप्यपदक जिंकले. ती भोपाळच्या तलावावर शिकली. ज्या राज्याला समुद्रच नाही तिथली मुलगी शीड हाकून पदक आणते, आणि आमच्या खाडीकाठच्या गावांतल्या कित्येक मुलींना साधे पोहता येत नाही, ही गोष्ट मी शाळेत वर्गासमोर सांगते तेव्हा मुली खाली बघतात.

अम्मीची हरकत

खरे तर समुद्र आमच्या रक्तात आहे. कोकणातल्या मुस्लिम घरांत तांडेल, खलाशी, सारंग ही नुसती कामे नव्हती, घराण्यांची ओळख होती. गलबते गेली, आगबोटी आल्या, तरी आमचे पुरुष जहाजावर जातच राहिले. मुरुडजवळ राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून जाता येते. ती हाकणारे बहुतेक आपलेच कोकणी मुस्लिम भाऊ. होडीत लहान मूल चढले की ते त्याला काठावर बसू देत नाहीत, मधोमध तळाशी बसवतात. ही रीत त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेली नाही.

पण समुद्राशी जवळीक असलेल्या घरात समुद्राची भीतीही असते. अम्मीचे एक चुलते मचव्यावर तांडेल होते. पावसाळा तोंडावर आलेला असताना ते शेवटच्या फेरीला गेले आणि परतले नाहीत. अम्मी तेव्हा आठ वर्षांची होती. त्या घरात पुन्हा कोणी मुलांना पाण्यात उतरू दिले नाही. भावाने फळीची गोष्ट काढली तेव्हा अम्मी एवढेच म्हणाली, "तुला जायचे तर जा. पोरीला नेऊ नकोस."

भावाने समजावायचा प्रयत्न केला. जॅकेट असते, शिकवणारा सोबत असतो, जवळ मोटारबोट असते, पाणी फार खोल नसते. अम्मीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तू समुद्राला भीत नाहीस ना, म्हणून मला भीती वाटते."

या वाक्यावर मी बराच विचार केला. मुले आईबापांच्या हातातली अमानत आहेत, हे आपण नेहमी बोलतो. पण अमानत जपायची म्हणजे ती पेटीत बंद करून ठेवायची का? पोहणे, नेमबाजी आणि घोडेस्वारी मुलांना शिकवावी, ही शिकवण हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेव्हा प्रश्न मुलाला पाण्यावर न्यावे की नाही हा नव्हता. कोणी न्यावे, कोणत्या वाऱ्यात न्यावे आणि कुठे थांबावे, हा होता.

खारे वारे, मतलई वारे आणि चांदाची तारीख

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी हा धडा वाचला आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून थंड हवा आत येते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. परीक्षेत दोन गुणांसाठी पाठ केलेला हा फरक मुलाला फळीवर घेतल्यावर जिवाचा प्रश्न बनतो.

आपले मच्छीमार पूर्वी पहाटेच्या मतलई वाऱ्यावर शीड सोडून समुद्रात जात आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. विंडसर्फिंग करणाऱ्यालाही हेच ध्यानात ठेवावे लागते. सकाळी पाणी काचेसारखे शांत दिसते, वारा पाठीमागून हळूच येतो आणि नवख्याला वाटते की मुलांसाठी हीच वेळ चांगली. पण तो वारा फळीला किनाऱ्यापासून दूर नेतो. जाताना मजा वाटते, परत येताना दम निघतो. किनाऱ्याजवळ तो झाडांच्या आडोशाने मंद भासतो, थोडे आत गेले की त्याचा जोर कळतो. म्हणून जमिनीकडून वारा असताना मुलाला फळीवर घ्यायचेच नाही. करंजाळ्याला दुपारचा वारा वायव्येकडून, अग्वादच्या बाजूने येतो. काही बिघडले, शीड पडले, तरी तो फळीला पुन्हा वाळूकडेच ढकलतो.

दुसरी गोष्ट भरती-सुकतीची. करंजाळ्याच्या शेजारीच मांडवी समुद्राला मिळते. सुकती लागली की नदीचे पाणी बाहेर ओढ घेते, आणि उधाणाच्या दिवसांत ही ओढ सर्वांत जास्त असते. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते आणि त्यांच्या मधल्या दिवसांत भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याचा चढउतार कमी. आपल्या घरात हे ओळखणे फार सोपे आहे, कारण भिंतीवर हिजरी कॅलेंडर असतेच. चांद दिसल्याचे दिवस आणि चौदावी-पंधरावीचे दिवस उधाणाचे. सातवी-आठवी आणि एकविसावी-बाविसावीच्या सुमारास भांग. आम्ही गेलो तेव्हा जिल्कादचा पहिला आठवडा संपत आला होता. भावाने रजेतले हे दिवस मुद्दाम निवडले होते, हे मला नंतर कळले. नेमक्या वेळांसाठी भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात. तेही त्याने पाहून ठेवले होते.

पहिल्या दिवशीची असर

पहिल्या दिवशी पणजीच्या जामा मशिदीत जोहरची नमाज पढून भाऊ आला. जेवून, थोडे पडून आम्ही साडेचारच्या सुमारास किनाऱ्यावर पोचलो. फळी आणि शिकवणारा यांची सोय आधीच केलेली होती. भाचीने लाल जॅकेट चढवले आणि वाळूत उड्या मारू लागली. अम्मी सुरूच्या सावलीत बसली होती. तिने तोंडाने काही म्हटले नाही, पण तिची तस्बीह फार भराभर फिरत होती.

भाऊ पाण्याच्या कडेला उभा राहिला. दहा मिनिटे तो नुसता समुद्राकडे बघत होता. लांबवर पाण्यावर पांढरा फेस उठत होता. आधी इकडे एक, तिकडे एक, आणि मग सगळीकडे. मे महिन्यात खारा वारा दुपार कलताना जोरात येतो. साधारण सात ते दहा नॉट वाऱ्याला फेस तुरळक दिसतो. अकरा-बारा नॉटच्या पुढे तो सगळीकडे दिसू लागतो. नॉट म्हणजे तासाला 1.85 किलोमीटर. शिडावर पडणारा जोर मात्र वाऱ्याच्या वेगाबरोबर सरळ वाढत नाही, वर्गाने वाढतो. वारा आठ नॉटवरून सोळा झाला, म्हणजे दुप्पट झाला, तर जोर चौपट होतो. आठ नॉटला हातात राहणारे शीड सोळा नॉटला माणसाला उचलून पुढे फेकू शकते. पुढे मूल बसलेले असेल तर डोलकाठी त्याच्याच अंगावर येणार.

भाऊ वळला आणि लेकीसमोर गुडघे टेकून बसला. "आज नाही, बेटा."

भाची रडायला लागली. तीन महिने फोनवर ज्याची गोष्ट ऐकली होती ते समोर होते, अंगावर जॅकेट होते, अब्बू होते, आणि तरी "आज नाही". तिची अम्मीही म्हणाली, "इतक्या लांबून आलोय, पाच मिनिटे तरी न्या." शिकवणारा भला माणूस होता. तो म्हणाला, मोठ्यांसाठी आजचा वारा सुरेख आहे, तुम्ही एकटे जाऊन या. भावाने मान हलवली. लेक रडत असताना आपण तिच्यासमोर मजा करायची, हे त्याला पटले नाही. त्याने तिला खांद्यावर घेतले आणि वाळूत किल्ला बांधायला बसला.

अम्मीने विचारले, "का रे? वारा तर चांगला म्हणतात."

"माझ्यासाठी चांगला आहे, अम्मी. तिच्यासाठी नाही."

त्या रात्री जेवण झाल्यावर अम्मीनेच विषय काढला. "उद्या वारा कधी हलका असतो?" खोलीत क्षणभर कोणीच बोलले नाही. भावाच्या जॅकेटच्या आणि मोटारबोटीच्या दलिलींनी जे झाले नव्हते, ते त्याच्या मागे फिरण्याने झाले होते.

दुसऱ्या दिवशी

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी अकराला किनाऱ्यावर होतो. मतलई वारा थांबला होता, पाणी जागच्या जागी हलत होते. साडेअकराच्या सुमारास समुद्राकडून पहिली झुळूक आली आणि हळूहळू स्थिरावली. खारा वारा सुरू होतानाचा हा तास-दीड तास लहान मुलांसाठी. ऊन मात्र याच वेळी सर्वांत कडक असते, म्हणून मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. नाताळच्या सुट्टीत गेलात तर वारा मे महिन्यापेक्षा सौम्य मिळतो आणि उन्हाचाही त्रास कमी.

फळी मोठी होती, दोनशे लिटरहून जास्त आकारमानाची. हा आकडा का महत्त्वाचा, ते सांगते. एक लिटर आकारमान पाण्यात साधारण एक किलो वजन पेलते. भावाचे वजन 72 किलो, लेकीचे 20, फळीचे 14, शीड-डोलकाठीचे 8. मिळून 114. म्हणजे 114 लिटरची फळी जेमतेम बुडणार नाही एवढेच. ती डुगडुगू नये म्हणून जवळपास दुप्पट आकारमानाची फळी घ्यायची. शीड मात्र लहान घ्यायचे. एकटा असताना भाऊ सहा चौरस मीटरचे वापरतो, त्या दिवशी त्याने चारचे घेतले. वेग कमी, पण एका हातात राहील असे.

आधी अर्धा तास फक्त पडण्याचा सराव झाला. कमरेएवढ्या पाण्यात फळी धरून भाऊ "उडी!" म्हणायचा आणि भाचीने वाऱ्याच्या बाजूला उडी मारायची. शीड नेहमी वारा ज्या दिशेला जातो तिकडे पडते, म्हणून मुलाने त्याच्या उलट बाजूला उतरायचे. पहिल्या दोन वेळा नाकात पाणी गेले, ती खोकली. तिसऱ्या वेळी जॅकेटने तिला वर आणले आणि आपण बुडत नाही हे तिला स्वतःला कळले. तिचा चेहरा बदलला तो तेव्हा.

मग ती डोलकाठीच्या पुढे, फळीच्या मधोमध बसली. दोन्ही हात फळीवरच्या पट्ट्याला. डोलकाठीच्या सांध्याजवळ हात-पाय न्यायचे नाहीत, कारण तिथे बोट चिमटते. भाऊ नेहमीपेक्षा थोडा मागे उभा राहिला, म्हणजे फळीचे नाक दबू नये. एरवी शिडाला अडकवायचा कमरेचा पट्टा त्याने बांधला नाही. शीड कोणत्याही क्षणी सोडता आले पाहिजे. मुलाला तर दोरीने कशालाही बांधायचे नाही. शिकवणारा छातीएवढ्या पाण्यात उभा होता.

फेरी दहा मिनिटांची झाली. किनाऱ्याला समांतर शे-दीडशे मीटर जायचे, शीड पाण्यात टाकून थांबायचे, फळी वळवायची आणि परत यायचे. बघणाऱ्याला त्यात काही थरार नव्हता. सायकल हळू चालवावी तसे ते दिसत होते. पण भाची पुढे तोंड करून बसली होती, फळीखाली पाणी खळखळत होते आणि मोटारीचा आवाज नव्हता. परत येताच तिने पहिला प्रश्न विचारला तो तिच्या दादीला. "दादी, वारा मला दिसला नाही. तरी त्याने मला ढकलले कसे?"

अम्मी हसली. "बेटा, त्याच वाऱ्यावर माझे चाचा रत्नागिरीहून मंगळूरपर्यंत जायचे." मग तिने नातीला टॉवेलात गुंडाळून त्या चुलत्यांच्या गोष्टी सांगितल्या. ते डोलकाठीवर कसे चढत, ताऱ्यांवरून वेळ कशी ओळखत, येताना मुलांसाठी काय काय आणत. मी पंचेचाळीस वर्षांची होत आले. आमच्या घरात त्यांचे नाव निघाले की पुढचे वाक्य नेहमी "ते परतले नाहीत" हेच असायचे. बाकीच्या गोष्टी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या.

मोठ्या मुलींचा प्रश्न

माझ्या बारा वर्षांच्या मुलीला कोणाच्या पुढ्यात बसून जायचे नव्हते. ते योग्यच होते. सात-आठ वर्षांनंतर, पोहता येत असेल तर, मुलांनी स्वतःचे छोटे शीड धरून शिकावे. मुलांसाठी एक ते तीन चौरस मीटरची हलकी शिडे मिळतात. तिला दोनचे दिले. कमरेएवढ्या पाण्यात ती तासाभरात नऊ वेळा पडली आणि दहाव्या वेळी वीस-पंचवीस मीटर गेली.

कपड्यांचा प्रश्न अनेक आया मला विचारतात. विंडसर्फिंग करणारे पुरुषसुद्धा उन्हापासून आणि फळीच्या घासण्यापासून बचाव म्हणून पूर्ण बाह्यांचा, अंगाबरोबरचा कपडा घालतात. मुलीने त्यावर गुडघ्यापर्यंतचा, पाणी न धरणारा सदरा, खाली पूर्ण पायजमा आणि डोक्याला पोहण्याची घट्ट टोपी घातली, तर तिकडे कोणी वळूनही बघत नाही. टाळायचे ते सैल ओढणी, लांब नाड्या आणि टाचण्या, कारण त्या दोरीत अडकतात. थोडक्यात, कपडे ही आपल्या मुलींना पाण्यापासून दूर ठेवण्याची सबब होऊ नये.

निघण्यापूर्वी एवढे पाहा

ज्यांना मुलांसह असा अनुभव घ्यायचा आहे त्यांनी काही गोष्टी आधी पाहाव्यात. मुलाला घेऊन जाणाऱ्याला स्वतःला हा खेळ इतका सवयीचा हवा की हलक्या वाऱ्यात तो न पडता वळू शकेल. स्वतः शिकत असलेल्याने मूल सोबत घेऊ नये. जॅकेट मुलाच्या वजनाचे हवे आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेला हवा. ते घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून पाहा. जॅकेट कानापर्यंत सरकले तर ते मोठे आहे. हवा भरलेले दंडपट्टे आणि रबरी चाके ही खेळणी आहेत, जॅकेटच्या जागी ती चालत नाहीत. डोक्याला हेल्मेट असलेले चांगले. एक फेरी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा मोठी नको. मे महिन्यातही ओल्या कपड्यांवर वारा लागला की लहान मुले चटकन गारठतात. ओठ निळसर दिसले किंवा मूल गप्प झाले की बाहेर. किनाऱ्यावर एक मोठा माणूस सतत नजर ठेवून असावा, हातात मोबाइल नसावा. जीवरक्षकांचा लाल झेंडा असेल तर वाद न घालता परतावे. आणि जूनपासून पाऊस संपेपर्यंत हा विषयच काढू नये. त्या काळात मच्छीमारही होड्या वर ओढून ठेवतात.

याहून महत्त्वाची गोष्ट कोणत्याही तक्त्यात मिळत नाही. मुलाला नेणारा माणूस मागे फिरू शकतो का, हे पाहा. लांबचा प्रवास केलेला, पैसे भरलेले, मूल रडते आहे, बायको म्हणते पाच मिनिटे तरी, अशा वेळी जो "आज नाही" म्हणतो, त्याच्या हाती मूल द्यायला हरकत नाही. पोहायला नेणारा मामा असो, जंजिऱ्याला होडीतून नेणारा काका असो, नाहीतर स्कूटरवर पुढे उभे करून बाजारात नेणारा बाप असो, कसोटी हीच लावावी.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोना पावलाला गेलो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथेच आहे. बाहेरून इमारत दाखवून मुलींना सांगितले की समुद्राचा अभ्यास हेही एक काम असते आणि त्यात बायकाही असतात. भाचीने विचारले, तिथे पोहता यावे लागते का? तिची अम्मी म्हणाली, आधी पोहायला तर शीक. घरी परतल्यावर रत्नागिरीत मुलींसाठी वेगळ्या वेळेचा पोहण्याचा वर्ग कुठे आहे याची चौकशी सुरू झाली. चौकशीला अम्मी स्वतः माझ्याबरोबर आली होती.